विशेषणं काढल्यावर उरलेलं घर

घराच्या मूल्यांकनाचं काम येतं तेव्हा कागदपत्रांबरोबर बहुतेक वेळा त्या घराची जाहिरातही येते. ती आम्ही जपून ठेवतो, पण जो घर पाहायला आणि मोजायला जाणार आहे त्याच्या हाती ती लगेच देत नाही. दुसरा कुणीतरी मागणीची किंमत झाकून उरलेला मजकूर त्याला देतो. हा सोपस्कार वाटेल, पण सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे. एकदा आकडा डोळ्यांखालून गेला की तो डोक्यातून जात नाही.

याचा पुरावा जुना आहे. १९८७ साली ग्रेगरी नॉर्थक्राफ्ट आणि मार्गारेट नील या संशोधकांनी अमेरिकेतल्या टूसॉन शहरात एक प्रयोग केला. खऱ्याखुऱ्या घरात घर-दलालांना आणि विद्यार्थ्यांना फिरवलं, घराची सविस्तर माहिती हाती दिली आणि किंमत काढायला सांगितलं. माहिती सगळ्यांना एकच, फरक फक्त मागणी किमतीचा: काहींना तज्ज्ञांनी ठरवलेल्या मूल्यापेक्षा १२ टक्के कमी दाखवली, काहींना १२ टक्के जास्त. या दोन मागण्यांमध्ये जेवढं अंतर होतं, त्याच्या ४१ टक्के अंतर दलालांच्या अंदाजांत उतरलं, आणि विद्यार्थ्यांच्या अंदाजांत ४८ टक्के. रोज घरं विकणारी माणसं नवख्यांपेक्षा टक्केवारीत जेमतेम सात अंकांनी सावध निघाली. वर, मागणी किमतीचा आपल्यावर परिणाम झालाच नाही असं बहुतेक दलालांनी सांगितलं. आम्हीही त्याच मातीचे आहोत असं धरून चालतो, म्हणून आकडा झाकतो.

मग मजकूर. नमुन्यादाखल अशी जाहिरात धरू: ‘शांत परिसरात प्रशस्त, हवेशीर, भरपूर उजेडाचं दोन बेडरूमचं घर. ९०० चौरस फूट. नव्यासारखं राखलेलं, संपूर्ण नूतनीकरण केलेलं. स्टेशन चालत पाच मिनिटं. दुर्मिळ संधी.’ एका कागदावर तीन रकाने पाडायचे. पहिल्यात टेपने किंवा घड्याळाने मोजता येतील असे शब्द, दुसऱ्यात पाहून किंवा कागद मागून तपासता येतील असे, तिसऱ्यात नुसती मतं. ‘९०० चौरस फूट’ आणि ‘पाच मिनिटं’ पहिल्या रकान्यात जातात, ‘नूतनीकरण’ दुसऱ्यात, ‘दुर्मिळ संधी’ तिसऱ्यात. खरी अडचण ‘प्रशस्त’ची. हा शब्द मत वाटतो, पण आपण तो पहिल्या रकान्यात ओढून आणायचा. बाकी सगळ्या शब्दांनी मिळून किंमत जितकी फुगत नाही, तितकी या एका शब्दाच्या आडून फुगते, असं आम्हाला वारंवार दिसतं.

‘प्रशस्त’च्या शेजारी जो आकडा छापलेला असतो, तो कसला हे आधी विचारायचं. कार्पेट (आतली जागा), बिल्ट-अप (भिंती, बाल्कनी धरून) आणि सुपर बिल्ट-अप (जिना, लिफ्ट, लॉबी यांतला वाटाही धरून) ही तीन वेगवेगळी मापं आहेत आणि जाहिरातीत नेमका मापाचा प्रकार गाळलेला असतो. भारतात २०१६च्या रेरा या स्थावर मालमत्ता नियमनाच्या कायद्याने कार्पेटची व्याख्या बांधून दिली: घराच्या आतली वापरता येणारी निव्वळ जागा. त्यात बाहेरच्या भिंती, पाइपांचे डक्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि खुली गच्ची धरायची नाही. आतल्या खोल्यांमधल्या भिंतींची जाडी मात्र धरायची. आम्ही प्रत्येक घर याच मापात आणतो. लेझर मीटर कमरेच्या उंचीवर, गिलाव्याच्या अंतिम पृष्ठभागापासून समोरच्या पृष्ठभागापर्यंत धरायचा, आणि प्रत्येक खोलीची लांबी दोन ठिकाणी, रुंदीही दोन ठिकाणी घ्यायची. भिंती समांतर असतील असं समजून एकदाच मोजलं की चूक होते. खांब खोलीत किती पुढे आलाय ते वेगळं लिहायचं.

समजा मोजल्यावर कार्पेट ६२० भरलं. ९०० भागिले ६२०, म्हणजे कार्पेटवर ४५ टक्के लोडिंग, आतल्या जागेवर चढवलेला जास्तीचा आकडा. शेजारच्या इमारतीतलं घर ८५० म्हणून जाहिरातीत आहे आणि मोजल्यावर ६४० भरतं. तिथे लोडिंग ३३ टक्के. दोन्ही जाहिरातींत चौरस फुटाचा दर सारखाच मागितलाय. पहिल्या घराची मागणी १०० धरली तर दुसऱ्याची ९४.४ होते, म्हणजे लहान घर स्वस्त, सगळं रास्त दिसतं. आता कार्पेटने भागा: पहिलं घर चौरस फुटामागे दुसऱ्यापेक्षा ९ टक्क्यांहून जास्त महाग निघतं, आणि प्रत्यक्षात ते २० चौरस फुटांनी लहानही आहे. दर तोच ठेवून माप बदललं, आणि ते झाकायला ‘प्रशस्त’ हा शब्द पुढे केला.

आकडा मिळाला तरी ‘प्रशस्त’ तपासून संपत नाही, कारण ६२० पैकी किती जागा वापरात येते हा प्रश्न राहतोच. बोळासारख्या पॅसेजमध्ये ४०-४५ चौरस फूट सहज जातात आणि तिथे खुर्चीही मावत नाही. बेडरूम १० बाय ११ फुटांची असेल तर आम्ही कागदावर सहा बाय साडेसहा फुटांचा पलंग काढतो. ११ फुटांच्या भिंतीला उशाची बाजू लावली की दोन्हीकडे अडीच-अडीच फूट उरतात, ते ठीक. पायथ्याशी साडेतीन फूट. तिथे दोन फूट खोल कपाट ठेवलं की दीड फूट राहतो, आणि दीड फुटी पल्ला उघडला की समोर उभं राहायला जागा नाही. खोलीचं दारही त्याच बाजूला आत उघडत असेल तर कपाट तिथे बसतच नाही. विकत घेणाऱ्याने रिकाम्या खोलीत उभं राहून मान डोलावण्याऐवजी फरशीवर खडूने पलंग आणि कपाट आखून पाहावं. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

बाल्कनी खोलीत घेतली असेल तर माप हमखास बिघडतं. बेडरूम १० बाय १४ सांगतात, त्यातले तीन-चार फूट मुळात बाल्कनीचे असतात. ओळखायची खूण म्हणजे फरशीची पातळी किंवा रंग त्या रेषेवर बदलतो, छतात आडवी तुळई दिसते, आणि भिंतीची जाडी अचानक कमी होते. मंजूर नकाशा मागायचा आणि ती रेषा नकाशावर शोधायची. नकाशात बाल्कनी असेल तर ती जागा आम्ही खोलीच्या दराने धरत नाही. भिंत काढायला परवानगी घेतली होती का, आणि पाणी बाहेर जायचा जुना उतार तसाच ठेवून वर फरशी बसवली आहे का, हे दोन्ही प्रश्न लेखी विचारायचे.

फोटोंबद्दल थोडक्यात. मोबाइलची अल्ट्रा-वाइड लेन्स साधारण १३ मिलिमीटरच्या तोडीची असते, नेहमीची २४ ते २६च्या. कोपऱ्यात उभं राहून अल्ट्रा-वाइडने काढलेल्या फोटोत समोरची भिंत दूर जाते आणि कडेच्या वस्तू ताणल्या जातात. कडेला असलेलं गोल घड्याळ लंबगोल दिसलं की लेन्स कळली. अशा वेळी फरशा मोजाव्यात. ६०० मिलिमीटरच्या फरशा सर्रास वापरात असतात. समोरच्या भिंतीला पाच फरशा दिसल्या की खोली तीन मीटर रुंद, फोटो काहीही सांगो. फरशीचं माप मात्र प्रत्यक्ष भेटीत ताडून घ्यायचं.

‘भरपूर उजेड’ तपासायला सगळे दिवे बंद करावे लागतात, आणि बरेच जण संकोचापोटी तेच करत नाहीत. दिवे बंद, पडदे उघडे, खोलीच्या मध्यभागी उभं राहून खिडकीतून आकाश दिसतं का ते पाहायचं. समोरच्या इमारतीची भिंतच दिसत असेल तर दुपारचा काही वेळ सोडता दिवा लावावा लागणार. खिडकीचं क्षेत्रफळ फरशीच्या क्षेत्रफळाच्या किती टक्के आहे तेही काढतो. ८-१० टक्क्यांच्या खाली गेलं की ‘भरपूर’ हा शब्द आम्ही खोडतो. ‘हवेशीर’चं माप वेगळं. दोन पट्ट्यांची सरकती खिडकी कितीही मोठी असली तरी एका वेळी निम्मीच उघडते, त्यामुळे हवेसाठी तिचं क्षेत्रफळ निम्मंच धरायचं. आणि हवा आत आली तर बाहेर जायला समोरच्या बाजूला वाट हवी. सगळ्या खिडक्या एकाच भिंतीत असतील तर खिडकीशी वारा लागतो, पण खोलीत हवा खेळत नाही.

आता ‘नव्यासारखं’ आणि ‘संपूर्ण नूतनीकरण’. इथे घाई केली की पुढची दहा वर्षं त्रास होतो, म्हणून आम्ही जास्त वेळ इथे देतो. एकाच भिंतीला ताजा रंग आहे का, हे आधी पाहायचं. सगळं घर रंगवलं असेल तर ते राखणं झालं. बाथरूमला लागून असलेली एकच भिंत रंगवली असेल तर तिच्यावर हात ठेवून पाहायचा. ओल शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीचा खालचा फूटभर पट्टा, वरच्या मजल्यावरच्या बाथरूमखालचं छत, खिडकीच्या खालचे दोन्ही कोपरे, आणि कपाटामागची बाहेरची भिंत. फक्त बाथरूममध्ये नवीन फॉल्स सीलिंग असेल तर त्याचं झाकण उघडून टॉर्चने वरचा स्लॅब पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. ओलमापकाच्या सुया टोचताना आधी त्याच घरातल्या कोरड्या भिंतीचा आकडा घ्यायचा आणि त्याच्याशी तुलना करायची. जुन्या गिलाव्यात क्षार साचलेले असले की भिंत आता कोरडी असूनही मापक जास्त आकडा दाखवतो. आकडा जास्त, पोपडे आणि पांढरी भुकटी आहे, पण हाताला गारवा नाही, असं असेल तर गळती जुनी असू शकते. पावसाळ्यात पुन्हा पाहिल्याशिवाय नक्की म्हणता येत नाही, आणि अहवालातही आम्ही तसंच लिहितो.

नूतनीकरणात काय बदललं, हे विशेषणाने कळत नाही, यादीने कळतं. नळाच्या लाइन बदलल्या का, कोणत्या? वायरिंग नवीन का नुसती बटणं नवीन? बाथरूमची फरशी उकलून वॉटरप्रूफिंग केलं, की जुन्या फरशीवरच नवी चिकटवली? शेवटचं ओळखणं सोपं आहे. फरशीवर फरशी बसवली की जमीन साधारण १२ ते १५ मिलिमीटरने वर येते. दाराचा खालचा भाग तासलेला दिसतो, बाथरूमचा उंबरठा जवळजवळ सपाट होतो आणि पाणी बाहेर येऊ लागतं. जमिनीतली जाळी खोल खड्ड्यात बसल्यासारखी दिसते. अशा बाथरूमला आम्ही नूतनीकरणाचं मूल्य देत नाही. उलट फोडून नव्याने करण्याचा खर्च वजा धरतो, कारण आतला थर जुनाच आहे आणि तो बघायला आता दोन फरशा काढाव्या लागणार.

‘चालत पाच मिनिटं’ हे जपानमध्ये असं मोघम लिहिता येत नाही. तिथल्या घरांच्या जाहिरातींच्या नियमांत ८० मीटर म्हणजे एक मिनिट असं ठरलेलं आहे आणि अपूर्ण मिनिट वरच्या आकड्यात धरायचं. पाच मिनिटं म्हणजे रस्त्याने जास्तीत जास्त ४०० मीटर. आम्हीही हेच माप वापरतो, कारण ते कुणाच्या चालण्यावर अवलंबून नाही. नकाशावरची सरळ रेष चालत नाही. पायी जायच्या वाटेने, इमारतीच्या दारापासून स्टेशनच्या प्रवेशद्वारापर्यंत मोजायचं. रूळ, नाला किंवा मोठा रस्ता मध्ये असेल तर वळसा धरायचा. त्याच जपानी नियमांत ‘परिपूर्ण’, ‘सर्वोत्तम’, ‘स्वस्तात मस्त’ या जातीचे शब्द ठोस आधाराशिवाय वापरायला मनाई आहे, आणि ‘नवीन’ घर म्हणजे पूर्ण होऊन एक वर्षाच्या आतलं, कुणीही न राहिलेलं, एवढंच. ब्रिटनने १९९१ साली मालमत्तेच्या चुकीच्या वर्णनाविरुद्ध स्वतंत्र कायदाच केला होता. २०१३ साली तो रद्द झाला, कारण ग्राहक संरक्षणाचे सर्वसाधारण नियम तोवर लागू झाले होते. भारतात रेराच्या कलम १२ने जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला भरपाई मागायचा, आणि प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह रक्कम परत मागायचा हक्क दिला. हे कायदे मोलाचे आहेत. पण विधान खोटं ठरवायला ते मोजता यावं लागतं, आणि ‘प्रशस्त’ किंवा ‘देखणं’ खोटं ठरवणं कठीण. म्हणूनच जाहिरातीत विशेषणांची भरती असते.

ती भरती करतं कोण, तेही समजून घ्यावं. मालकाला वाटतं दलाल आपल्या घराची भलामण आपल्यासाठी करतो. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकागो परिसरातले सुमारे एक लाख घरांचे व्यवहार तपासले. दलालांची स्वतःची घरं इतरांच्या तशाच घरांपेक्षा सुमारे ३.७ टक्के जास्त किमतीला गेली आणि बाजारात साडेनऊ दिवस जास्त थांबली. स्वतःचं घर असलं की दलाल थांबतो. दुसऱ्याच्या घरात जास्तीच्या किमतीतला त्याच्या वाट्याचा तुकडा इतका लहान असतो की लवकर सौदा होणंच त्याला परवडतं. मग भारी विशेषणं आणि चढी मागणी कशाला? मालकाचं काम मिळवायला. जो जास्त आकडा सांगतो त्याच्याकडे मालक घर सोपवतो. काही आठवडे ग्राहक फिरकले नाहीत की तोच दलाल मालकाला खाली आणतो. लेव्हिट यांनी याच आकडेवारीतून मांडलेल्या शब्दांच्या यादीत ‘ग्रॅनाइट’, ‘मेपल’ यांसारखे वस्तू सांगणारे शब्द जास्त किमतीच्या घरांबरोबर दिसतात, तर ‘मोहक’, ‘विलक्षण’, ‘प्रशस्त’ अशा अर्थाचे शब्द कमी किमतीच्या. सांगण्यासारखी वस्तू असली की माणूस तीच सांगतो.

मग विशेषणाने किंमत फुगते ती कुठे? मागणीत, आणि मागणीतून तुलनेत. नवा मालक आपला आकडा ठरवताना आसपासच्या जाहिराती पाहतो. त्यांत लिहिलेले आकडे मिळालेले नसतात, मागितलेले असतात. पण त्याच्यासाठी तोच बाजारभाव. त्यांच्यापेक्षा आपलं घर अधिक प्रशस्त, अधिक उजेडाचं असं ठरवून तो थोडं वर जातो. पुढचा त्याच्या वर. मधे एकही सौदा झालेला नसताना भाव चढतो. म्हणून तुलनेच्या तक्त्यात आम्ही मागणी किंमत घेतच नाही. नोंदणी झालेले व्यवहार, किमान तीन, शक्यतो वर्षाच्या आतले, सगळे कार्पेटवर आणलेले.

नमुन्याच्या घराचा मागितलेला कार्पेट दर १०० धरू. पहिला व्यवहार ८८चा, अकरा महिन्यांपूर्वीचा. मधल्या काळातल्या वाढीसाठी २ मिळवले, ९०. दुसरा ९६चा, पण त्या घराचे पाइप आणि वायरिंग खरोखर बदललेलं. आपल्यात ते नाही, म्हणून ५ वजा, ९१. तिसरा ८४चा, पार्किंगशिवाय; आपल्याला आहे, म्हणून ६ मिळवले, ९०. फेरबदल नेहमी विकल्या गेलेल्या घराच्या दरात करायचा: ते सरस असेल तर वजा, उणं असेल तर अधिक. उलटं केलं की चूक दुप्पट होते. प्रत्येक फेरबदलामागे एकाच गोष्टीत वेगळ्या असलेल्या दोन व्यवहारांचा आधार हवा. आणि लिफ्ट, जनरेटर, पार्किंग वेगवेगळे धरल्यानंतर ‘आलिशान’ म्हणून पुन्हा चार टक्के मिळवायचे नाहीत. ही दुहेरी मोजणी नवख्यांच्या तक्त्यांत सतत सापडते.

तर ९० ते ९१. बाथरूमच्या दुरुस्तीचे २ वजा केले की ८८-८९. मागणी १००. वरच्या अकरा-बारामधला सर्वांत मोठा वाटा ‘प्रशस्त’च्या आडून फुगवलेल्या लोडिंगचा, बाकीचा ‘नव्यासारखं’चा.

हा फरक खरेदीदाराच्या खिशाला भिडतो तो कर्जाच्या वेळी. बँक सौद्याची किंमत आणि मूल्यांकन यांतला जो आकडा कमी, त्यावर कर्ज मोजते. सौदा १००ला झाला, कर्ज ८० टक्के मिळणार, म्हणजे आपले २० घालायचे, असा हिशेब धरून माणूस बयाणा देतो. मूल्यांकन ८९ आलं की कर्ज ७१.२ आणि घरून घालायचे २८.८. हातात असलेल्या पैशाच्या जवळजवळ दीडपट रक्कम, तीही बयाणा अडकलेला असताना. हे पाहून फार वाईट वाटतं, कारण तोवर उशीर झालेला असतो. म्हणून मोजणी बयाण्याच्या आधी करावी, आणि करारात मूल्यांकन कमी आल्यास बयाणा परत मिळेल असं कलम मागावं.

घासाघीस करताना विशेषणावर वाद घालू नये. ‘हे कुठलं प्रशस्त’ म्हटलं की मालक दुखावतो आणि बोलणं तिथेच थांबतं. खोल्यांच्या मापांचा कागद, तीन व्यवहारांचा तक्ता आणि दुरुस्तीचं लेखी अंदाजपत्रक पुढे ठेवावं, आणि मागणीचा आकडा पुन्हा उच्चारला जायच्या आत आपला आकडा सांगावा. बोलणं ज्या आकड्यापासून सुरू होतं त्याच्या आसपास फिरतं, हे टूसॉनच्या प्रयोगाने दाखवलंच आहे. वॉटरप्रूफिंग कोणत्या साली, कोणत्या लाइन बदलल्या, कार्पेट कोणत्या व्याख्येने, ही उत्तरं लेखी मागावीत. ज्याने काम केलंय तो बिलं काढून दाखवतो.

जाहिरातीची प्रत आम्ही तारखेसह फाइलला लावतो, कारण तिच्यातले आकडे न सांगता बदलतात आणि सौदा झाला की ती उतरवली जाते. आजूबाजूच्यांना मग १०० एवढंच आठवतं. घर ८९ला गेल्याचं फक्त नोंदणीच्या कागदात राहतं. म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर मागणी, व्यवहार आणि मोजलेलं कार्पेट एकाखाली एक लिहितो. त्या इमारतीतलं पुढचं घर विकायला निघालं की सुरुवात त्या पानापासून करतो.